आज बाई आल्या नाहीत, मग वर्ग कोणाचा?

शाळेची घंटा होते. प्रार्थना आटोपते, ओळी मोडतात आणि मुले आपापल्या वर्गात जाऊन बसतात. पाच मिनिटे जातात, दहा जातात. दारात कोणीतरी डोकावते आणि बातमी वाऱ्यासारखी पसरते, ‘आज बाई आल्या नाहीत!’ मग काय विचारता! ऑफ तास! कोणी वहीच्या शेवटच्या पानावर फुली-गोळ्याचा डाव मांडतो, कोणी डबा उघडतो, मागच्या बाकावर रुमालाचा चेंडू तयार होतो. थोड्या वेळाने शेजारच्या वर्गावरचे सर डस्टर आपटत येतात. ‘आवाज नको. पुस्तक काढा आणि धडा वाचा,’ एवढे म्हणतात, बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायचे काम मॉनिटरवर सोपवतात आणि निघून जातात.

हे दृश्य जबलपूरच्या राइट टाउनमध्ये दिसते, नागपूरच्या धरमपेठेत दिसते आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतही दिसते. गोष्ट एका दिवसाची असेल तर हसून सोडून द्यावी. ऑफ तासाच्या आठवणी कोणाला गोड नसतात? पण बाई सहा महिन्यांच्या प्रसूती रजेवर गेल्या असतील तर? गणिताचे सर निवृत्त होऊन दोन वर्षे लोटली आणि त्यांची जागा भरलीच गेली नसेल तर? मग ऑफ तासाचे ऑफ वर्ष होते. नुकसान ज्याचे होते तो दहा वर्षांचा असतो. त्याला आपले काय गेले हे कळतही नाही. ते कळते पुढे, आठवी-नववीत, बीजगणिताचे पान उघडल्यावर.

अशा वेळी वर्गावर जो येतो, तो बदली शिक्षक. कोणी त्याला रजेच्या जागेवरचा म्हणते, कोणी तासिका तत्त्वावरचा म्हणते. मध्य प्रदेशात त्याला एक भारदस्त नाव मिळाले आहे, ‘अतिथी शिक्षक’. नाव मोठे गोड आहे. अतिथी देवो भव! पण या अतिथीला घर दाखवतो कोण? वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी त्याची तयारी कोण करून घेतो? आणि हा पाहुणा वर्षानुवर्षे घराचा भार वाहत असेल, तर त्याला पाहुणा म्हणायचे तरी कसे?

शिक्षक घडवणारे शहर

हा प्रश्न जबलपूरमधून पाहण्याला एक विशेष अर्थ आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे इंग्रजी अमदानीत जबलपूर मध्य प्रांताचा भाग झाले आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा निघाला, तरी नर्मदाकाठची मराठी घरे जबलपुरातच राहिली. त्या जुन्या प्रांतात मास्तरकी करायची असेल आणि रीतसर प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर जबलपूरचे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज हे एक मोठे ठिकाण होते. तेच आजचे प्रांतीय शिक्षण महाविद्यालय.

या कॉलेजात शिकलेला एक तरुण पुढे हिंदीचा श्रेष्ठ व्यंगलेखक झाला. हरिशंकर परसाई त्यांचे नाव. त्यांची सुरुवात वन खात्यातल्या नोकरीने झाली. नंतर खांडव्याला त्यांनी सहा महिने मास्तरकी केली आणि मग १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात प्रशिक्षण घेतले. जबलपूरच्या मॉडेल हायस्कूलमध्ये ते शिकवू लागले. १९५२ मध्ये त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि १९५३ ते १९५७ या काळात खासगी शाळांत शिकवले. दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोधांचे. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. वयाच्या विशीत बडनगरच्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी मास्तरकी सुरू केली. पुढे गावोगावच्या नोकऱ्या करत ते जबलपूरला आले आणि येथील हितकारिणी हायस्कूलमध्येही त्यांनी शिकवले.

ही मोठ्या माणसांची नावे सांगायचे कारण एवढेच, की सहा महिन्यांची नोकरी, या शाळेतून त्या शाळेत जाणे, उद्याची खात्री नसणे हे शिक्षकाच्या नशिबी आजच आलेले नाही. फरक एका गोष्टीत आहे. परसाईंनी सहा महिन्यांच्या मास्तरकीनंतर दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले, मग ते मॉडेल हायस्कूलच्या वर्गात उभे राहिले. आज पुष्कळदा वर्ग आधी मिळतो आणि तयारीचे काय, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

खुर्ची रिकामी का राहते?

शिक्षक शाळेत नाही म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या मनात पहिली शंका कामचुकारपणाची येते. तिला आधारही होता. २००३ मध्ये देशातल्या वीस राज्यांत अचानक भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. तेव्हा सरकारी प्राथमिक शाळांतील चार शिक्षकांपैकी एक जागेवर आढळला नव्हता. पण २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहाशेहून अधिक शाळांची पाहणी केली, तेव्हा चित्राची दुसरी बाजू पुढे आली. त्या पाहणीत १८.५ टक्के शिक्षक शाळेबाहेर होते, परंतु विनाकारण गैरहजर असलेले होते केवळ २.५ टक्के. बाकीचे रीतसर रजेवर किंवा सरकारनेच सोपवलेल्या दुसऱ्या कामावर गेलेले होते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शिक्षकांना शिक्षणाखेरीज इतर कामांना जुंपू नये, असे त्याचे २७ वे कलम सांगते. मात्र दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका यांना तेथे सवलत आहे. ती कामे देशाचीच असतात, ती कोणीतरी करायलाच हवीत. सरकारी सेवेतील शिक्षिकेला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, तीही तिच्या हक्काची आहे. माणूस आजारी पडतो, प्रशिक्षणाला जातो, निवृत्त होतो. म्हणजे शिक्षक कधी ना कधी वर्गात नसणार, ही अपवादाची बाब नव्हे. दरवर्षी पाऊस येणार हे माहीत असून छत्री न घेता निघावे, तशी आपली शाळाव्यवस्था बदली शिक्षकाची तजवीज न करता जूनमध्ये बाहेर पडते.

त्यातून दोन प्रकारच्या रिकाम्या खुर्च्या तयार होतात. पहिली चार-आठ दिवसांची. ती शाळेतल्या शाळेत भागवली जाते. अनेक शाळांत मुख्याध्यापक सकाळी वेळापत्रक पुढे ओढतात आणि ज्या शिक्षकाचा तास मोकळा आहे त्याला त्या वर्गावर धाडतात. हिंदी मुलुखातल्या शाळांत याला ‘अरेंजमेंट’ म्हणतात. सकाळी सूचनाफलकावर आपले नाव अरेंजमेंटमध्ये दिसले, की शिक्षकाचा चेहरा पडतो. हिंदीच्या बाई विज्ञानाच्या तासाला जाऊन बसतात आणि मुलांना गप्प ठेवणे एवढेच त्यांचे काम उरते.

दुसरी खुर्ची महिनोन्महिने रिकामी असते. कायद्याचे २६ वे कलम म्हणते, की शाळेतील मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी राहता कामा नयेत. पण जेथे दोनच शिक्षक मंजूर आहेत, तेथे एकाने बदली घेतली तर पन्नास टक्के शाळा रिकामी झाली! देशातील शिक्षकांची संख्या २०२४-२५ मध्ये एक कोटीच्या वर गेली, तरी एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. जबलपूर शहरातल्या शाळेला शेजारून एखादा शिक्षक उसना मिळेल. पण जिल्ह्याच्या कुंडमसारख्या आदिवासी भागातल्या शाळेने कोणाकडे पाहावे? तेथे पाचवीतली मोठी मुलगी पहिलीच्या मुलांना पाढे म्हणायला लावते आणि त्यालाच शाळा चालू आहे असे म्हणतात.

गुरुजीपासून अतिथीपर्यंत

मध्य प्रदेशाने ही पोकळी भरण्याचे एकामागून एक उपाय केले. नव्वदीच्या दशकात पंचायतींमार्फत ‘शिक्षाकर्मी’ नेमले गेले. १ जानेवारी १९९७ रोजी शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे ४० मुले आहेत, आदिवासी भागात २५, त्या वस्तीने मागणी करायची आणि सरकारने ९० दिवसांत शाळा द्यायची, असा तो करार होता. शिकवायला गावातलाच तरुण ‘गुरुजी’ म्हणून नेमला जाई. मानधन सुरुवातीला महिना ५०० रुपये होते. पुढे २००१ मध्ये ‘संविदा शाळा शिक्षक’ आले, २००७ मध्ये ‘अध्यापक’ संवर्ग झाला आणि २०१८ मध्ये या अध्यापकांना शालेय शिक्षण विभागाच्या शिक्षक संवर्गात घेण्यात आले. या एका वाक्यात वीस वर्षांचे मोर्चे, उपोषणे आणि आश्वासने सामावलेली आहेत.

एक वर्ग वर सरकला की खाली नवा वर्ग तयार होतो. २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेली अतिथी शिक्षकांची व्यवस्था ही त्यातलीच. कल्पना सरळ होती. नियमित शिक्षक येईपर्यंत मुलांचे नुकसान होऊ नये, म्हणून गावातल्या किंवा शहरातल्या पात्र उमेदवाराला सत्रापुरते बोलवावे. आता त्यासाठी सरकारी पोर्टल आहे. उमेदवार नोंदणी करतो, त्याची पदवी, गुण आणि अनुभव यांवरून गुणपत्रक तयार होते आणि रिकाम्या जागांवर त्याप्रमाणे बोलावणे येते. सत्र संपले की काम संपले. मधेच नियमित शिक्षक बदलून त्या जागेवर आला, तर काम त्याच दिवशी संपले.

कल्पना तात्पुरती होती, पण मुक्काम लांबला. राज्यातील अतिथी शिक्षकांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात गेली. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे दर पावसाळ्यात नव्याने बोलावणे येण्याची वाट पाहणारे लोक आज त्यात आहेत. तरुणपणी आलेल्यांची आता मुले शाळेत जाऊ लागली आहेत.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भोपाळला अतिथी शिक्षकांची महापंचायत भरली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मानधन दुप्पट करण्याची घोषणा केली. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या वर्ग एकच्या अतिथी शिक्षकाचे ९,००० रुपयांचे १८,००० झाले, माध्यमिक शाळेच्या वर्ग दोनचे ७,००० चे १४,००० आणि प्राथमिक शाळेच्या वर्ग तीनचे ५,००० चे १०,००० झाले. नियमित भरतीत त्यांच्यासाठी असलेला २५ टक्के वाटा ५० टक्के करण्याचेही जाहीर झाले. वाढ मोठी खरी. पण आधी किती कमी मिळत होते, हेही त्याच आकड्यांनी सांगितले. पाच हजार रुपये महिना म्हणजे दिवसाला दोनशेही पडत नाहीत, आणि त्यावर पाच इयत्तांचा पाया उभा होता!

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी या शिक्षकांच्या कायम करण्याच्या मागणीवर बोलताना, पाहुणा म्हणून आलात तर घराचा ताबा घेणार काय, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते अनेकांच्या जिव्हारी लागले. ‘अतिथी’ शब्दातला गोडवा त्या एका वाक्याने उतरला.

ही भांडणे न्यायालयापर्यंत जातात आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरातच आहे. एका तात्पुरत्या माणसाला काढून त्या जागी दुसरा तात्पुरता बसवू नये, जागा नियमित निवडीने आलेल्यालाच मिळावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगितले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात याच न्यायालयाने खडसावले, की समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणणे पुरेसे नाही, तो आदर वागणुकीतही दिसला पाहिजे.

महाराष्ट्रालाही यात नाक वर करण्याचे कारण नाही. तेथे २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर राबू लागला. २०२३ मध्ये प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये झाले. त्याच वर्षी रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर बोलावण्याचा निर्णय झाला, तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेल्या तरुणांनी विचारले, ‘आम्ही कोठे जावे?’

पदवी आहे, तयारी नाही

मानधनाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. प्रशिक्षणाविषयी मात्र कोणी बोलत नाही. ‘पात्रता असलेलेच लोक घेतात ना, मग आणखी कसले प्रशिक्षण?’ असे उत्तर मिळते.

पात्रतेचे नियम आता खरोखरच कडक आहेत. ऑगस्ट २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी शिक्षक पात्रता परीक्षा आली. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवायचे असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्राथमिक शाळेसाठी बी.एड. चालणार नाही. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि त्यासाठी डी.एल.एड.च हवे. प्रशिक्षणाचे महत्त्व सांगणारा हा निकाल आहे.

पण या साऱ्या अभ्यासक्रमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वर्ग जूनपासून शिक्षकाचा आहे, मुले त्याच्या ओळखीची आहेत आणि धडा पहिल्यापासून त्यानेच सुरू केला आहे. सराव पाठाला जाणारा छात्राध्यापक आदल्या रात्री टाचण काढतो, तक्ते रंगवतो, मागे त्याचे मार्गदर्शक बसलेले असतात. बदली शिक्षकाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. सप्टेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी तो चाळीस अनोळखी चेहऱ्यांपुढे उभा राहतो. धडा अर्ध्यावर आहे, वही कोणाची कोठवर आली आहे हे ठाऊक नाही, आणि मुले त्याला जोखत आहेत. हे कामच निराळे आहे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, अर्धवट शिजलेल्या भाजीवर पुढची फोडणी घालण्यासारखे! मीठ पडले आहे की नाही, एवढे तरी कोणी सांगायला नको काय?

समजा, पाचवीच्या वर्गात अपूर्णांक चालू आहेत. आधीच्या बाईंनी समान छेदांची बेरीज शिकवली आणि त्या रजेवर गेल्या. नव्या शिक्षिकेने पुस्तक उघडून पुढचे पान, म्हणजे भिन्न छेदांची बेरीज, सुरू केले. निम्मा वर्ग त्या क्षणी हातातून गेला. तिने आधी दोनच मिनिटे घालवून विचारले असते, ‘एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश?’, तर बरेच हात तृतीयांशासाठी वर झाले असते, कारण दोनापेक्षा तीन मोठे! मग एक पोळी दोघांत वाटली तर वाटा मोठा की तिघांत, एवढ्या प्रश्नाने गाडी रुळावर आली असती. पण हा ठाव घेण्याची युक्ती शिकवावी लागते. ती पदवीच्या कागदातून आपोआप येत नाही.

इतरांनी काय केले?

जपानने १९५५ मध्येच यासाठी कायदा केला. शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जाईल तेव्हा तिच्या जागी बदली शिक्षक मिळालाच पाहिजे, म्हणजे तिला निश्चिंतपणे रजा घेता येईल आणि मुलांचेही नुकसान होणार नाही, असा त्यामागे विचार होता. इंग्लंडमध्ये बदलीवर काम करणारा ‘सप्लाय टीचर’ हा मान्यता पावलेला पेशा आहे. तेथे २००९ पासून असा नियम झाला, की नियमित शिक्षकाला दुसऱ्याच्या तासावर क्वचितच पाठवावे. आपल्या अरेंजमेंटच्या वहीला हे ऐकून घामच फुटेल!

अमेरिकेत बदली शिक्षकांची परंपरा मोठी आहे. रजेवर जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्यासाठी दिवसभराच्या कामाचा आराखडा ठेवून जाणे ही तेथे रीतच आहे. तरी तेथेही सारे आलबेल नाही. काही राज्यांत बदली शिक्षकाला शालान्त परीक्षेपेक्षा अधिक शिक्षण लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये करोनाच्या लाटेत न्यू मेक्सिको राज्यात इतके शिक्षक आजारी पडले, की नॅशनल गार्डच्या जवानांना बदली शिक्षक म्हणून वर्गावर पाठवावे लागले. श्रीमंत देशालाही आयत्या वेळी शिपाई बोलवावे लागतात, तेव्हा आधी केलेल्या तजविजीचे मोल कळते.

तीन दिवस आणि एक वही

मग आपल्याकडे काय करता येईल? यासाठी फार मोठा खजिना लागत नाही. जबलपुरात प्रांतीय शिक्षण महाविद्यालय आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, राज्य विज्ञान शिक्षण संस्था आहे, राणी दुर्गावती विद्यापीठाशी जोडलेली बी.एड.ची महाविद्यालये आहेत. सत्र सुरू होताना येथे बदली शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर भरवणे अशक्य आहे काय? पहिला दिवस वर्गाचा ठाव घेण्याचा : मुलांना काय येते हे पाच-सात प्रश्नांत कसे ओळखावे. दुसरा दिवस अर्ध्यावरचा धडा पुढे नेण्याचा आणि दोन इयत्ता एकत्र बसवून शिकवण्याचा, कारण खेड्यात तोच प्रसंग येणार आहे. तिसरा दिवस वर्ग परत सोपवण्याचा : आपण काय शिकवले, काय राहिले, हे लिहून ठेवण्याचा.

दुसरी गोष्ट आणखी सोपी आहे. प्रत्येक वर्गाची एक वही असावी. तिला रजा-वही म्हणा, नाहीतर आणखी काही. नियमित शिक्षकाने आठवड्यातून एकदा तिच्यात चार ओळी लिहाव्यात : कोणता धडा कोठवर आला, वर्गात कोणत्या गोष्टीची गोडी आहे, कोण मागे पडले आहे. आणि जे कोणत्याही पोर्टलवर नसते ते अवश्य लिहावे. खिडकीजवळच्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, पण तो सांगत नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील नुकतेच वारले आहेत, तिला ‘वडिलांची सही आण’ म्हणू नये. एक ओळ वाचली असती तर एक जखम टळली असती, असे प्रसंग शाळेत नेहमी घडतात.

ज्याच्या हाती वर्ग आला त्यालाही काही पथ्ये आहेत. पहिल्या पाच मिनिटांत आपले नाव सांगावे, शक्य तितक्या मुलांना नावाने हाक मारावी. ‘तुमच्या बाईंनी हे असे कसे शिकवले?’ हे वाक्य कधीही तोंडातून काढू नये, कारण त्याने मुलांचा दोन्ही शिक्षकांवरचा विश्वास डळमळतो. पाठ संपवण्याची घाई करण्यापेक्षा एकच गोष्ट नीट समजावावी. आणि निघताना वही लिहून जावे.

मुख्याध्यापकांनी या पाहुण्याला पहिल्या दिवशी वर्गापर्यंत स्वतः घेऊन जावे. स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची असावी, चहाच्या वर्गणीत त्याचे नाव असावे. शिपाई आणि मुले दोघेही मुख्याध्यापकांच्या वागण्याकडे पाहूनच शिकतात. ज्या शिक्षकाला शाळा अर्धा समजते, त्याला वर्ग पूर्ण मानणार नाही.

घरातून सुरुवात

आणि पालकांचे काय? संध्याकाळी मूल घरी येऊन सांगते, ‘आज नवीन मॅडम होत्या, नुसत्या अतिथी आहेत.’ तो ‘नुसत्या’ शब्द मुलाने कोठून उचलला? बहुधा आपल्याच बोलण्यातून. तेव्हा तेथेच थांबवून विचारावे, ‘त्यांनी काय शिकवले ते सांग पाहू.’ या प्रश्नाने मुलाची उजळणी होते आणि बाईंचा मानही राहतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते, पण बैठकीला जाण्याचा कंटाळा केला जातो. वर्गावर महिनाभर कोणी नाही ही तक्रार परीक्षेच्या निकालानंतर नव्हे, तर पहिल्या आठवड्यात त्या बैठकीत मांडावी.

आणखी एक गोष्ट मध्यमवर्गीय घरांनी विचारात घ्यावी. कित्येक घरांत बी.एड. किंवा डी.एल.एड. झालेली सून असते. लग्न, बदली, बाळंतपण यांत तिची पदवी कपाटात जाते. पुन्हा कामाला लागायचे तर दार कोठून उघडायचे, हे तिला उमगत नाही. सत्रापुरती जागा किंवा केंद्रीय विद्यालयांत दरवर्षी मुलाखतीने होणारी कंत्राटी नेमणूक हे अशा स्त्रीसाठी पहिले पाऊल ठरू शकते. मात्र घरच्यांनी त्याला ‘वेळ घालवायचे साधन’ म्हणू नये. तिच्या हाती चाळीस घरांची मुले असतात. संध्याकाळी टाचण काढायला तिला एक तास मिळायला हवा, आणि तो मिळायचा तर कुकर दुसऱ्या कोणीतरी लावायला हवा.

नियमित जागा वेळेवर भरल्या जाव्यात, हे तर खरेच. बदली शिक्षकाचा चांगुलपणा हा सरकारच्या दिरंगाईवरचा पडदा होऊ नये. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे वर्ग सांभाळला, त्यांच्या भवितव्याचा निकाल दर पावसाळ्यात नव्याने लागू नये. पण उद्या सगळ्या जागा भरल्या, तरी एखाद्या बाई आई होणारच आहेत, एखादे सर जनगणनेला जाणारच आहेत. त्या दिवशी वर्गाच्या दारात कोणीतरी नवे उभे राहील. त्याच्या हातात फक्त खडू असेल की त्या वर्गाची वहीही असेल, हे मात्र आज ठरवता येते.

तसे झाले, तर प्रार्थनेनंतर बातमी पसरेलच, ‘आज बाई आल्या नाहीत!’ मुले आनंदाने ओरडतीलही. पण पाचच मिनिटांत दार उघडेल आणि आत आलेली व्यक्ती वही उघडून विचारेल, ‘काल पोळीचे तीन वाटे झाले होते ना? चला, आता चौथा पाहुणा आला आहे. सांगा, प्रत्येकाला किती?’